ओठांची प्रार्थना

"ताई, तुमचा उपास माइकला ऐकू येतोय," काचेपलीकडून कानसेन म्हणाले, आणि मी ओळीवर बोट ठेवून थांबले.

कानसेन हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण शर्टाची बाही टेबलाला घासली तरी त्यांना ऐकू येते, म्हणून सगळे त्यांना तेच म्हणतात. अंध वाचकांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करायची, हे आमचं काम. मी काचेच्या आत बसून वाचते, ते बाहेर कानाला यंत्र लावून ऐकतात. दुपारच्या प्रार्थनेपर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही असा माझा नेम आहे. सकाळ कलायला लागली की माझं पोट बोलायला लागतं.

"नेम माझा आहे, दादा. पोटानं घेतलेला नाही," मी म्हटलं.

"मग पोटाला सांगा, परिच्छेद संपल्यावर काय ते बोल. मधे नको."

हसू आलं की आवाजात ते उतरतं, म्हणून मी घोटभर पाणी प्यायले, चेहरा सरळ केला आणि वाक्य पहिल्यापासून घेतलं.

पुस्तक आफ्रिकेतल्या एका लेखिकेचं होतं, मराठीत आलेलं. कापडाला नीळ देणाऱ्या एका बाईची गोष्ट. तिचे हात कोपरापर्यंत निळे. नवरा आधी साधा माणूस होता, गाढवं हाकायचा, संध्याकाळी तिच्याबरोबर दोऱ्या बांधून कापडं वाळत घालायचा. मग तो देवाचा प्रचारक झाला. त्यानंतर तिचे निळे हात त्याला अपवित्र वाटायला लागले. देवळात बसायचं तर मागच्या बाकावर, हात झाकून, तोंड मिटून. "बाईचा आवाज देवाच्या वाटेत आडवा येतो," असं तो म्हणायचा. पहिल्यांदा हे वाक्य वाचलं तेव्हा माझी जीभ किंचित अडखळली. कानसेनांनी बोट वर केलं. मी पुन्हा घेतलं.

कारण ते वाक्य मला पाठ होतं.

आमच्या प्रार्थनाघरात बायका प्रार्थना ओठांनी करतात. शब्द सगळे, आवाज कुठलाच नाही. आवाज खालच्या पुरुषांचा. लहानपणी आईनं माझ्या ओठांवर बोट ठेवून हे शिकवलं, तिला तिच्या आईनं. खोटं कशाला लिहू, मला त्यात कधी जाच वाटला नाही. मी प्रार्थनेशिवाय एक दिवस काढलेला नाही आणि देवानं मला काढू देऊ नये. वरच्या सज्ज्यात आम्ही बायका दोन ओळींत समोरासमोर बसतो आणि एकमेकींच्या ओठांकडे बघत म्हणत जातो. बघून बघून सगळं कळतं. कोण मागे पडली, कोणी ओळ गाळली, कुणाचा ओठ आज थरथरतोय. कुजबुजीला बंदी नाही. कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाची विहीण तुसडी निघाली, सगळ्या बातम्या सज्ज्यातच पिकतात. फक्त देवाशी बोलताना आवाज नको.

लग्न होऊन आले त्या दिवसापासून माझी जागा सासूबाईंच्या समोर. स्वयंपाकघरात आमचं खटकायचं. मीठ, डबे, वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे, कशावरूनही. सज्ज्यात मात्र आम्ही एका ओळीवर असायचो. माझे यजमान, म्हणजे सासूबाईंचा धाकटा मुलगा, गेले तेव्हा आम्ही घरात एकमेकींशी फार बोललोच नाही. सज्ज्यात बोललो. त्यांच्या ओठांवर मला त्याचं नाव दिसायचं, माझ्या ओठांवर त्यांना.

मग त्यांना काचबिंदू झाला. आधी कडा गेल्या, मग मधलं गेलं. आणि एक दिवस त्यांनी सज्ज्यात यायचं सोडलं.

"आई, जिना मी धरून नेते ना तुम्हाला."

"जिन्याचं काय घेऊन बसलीस. जिना मला पाठ आहे." त्या खाटेच्या काठावर बसून चादरीची किनार चाचपत होत्या. "वर जाऊन मी करू काय? आधी तुझे ओठ दिसायचे. आता मी म्हणते ते एकटीच म्हणते. आंधळीला सज्जा म्हणजे रिकामी खोली गं."

एकदा मी त्यांचा हात धरून माझ्या ओठांवर ठेवला आणि प्रार्थना म्हटली. जन्मभर शिवणयंत्र चालवून त्यांच्या बोटांची टोकं घट्ट झालेली. त्या लक्ष देऊन बसल्या, मग हात काढून घेतला. "हलतंय एवढं कळतं," त्या म्हणाल्या. "काय हलतंय ते नाही कळत."

त्या दिवसापासून माझ्या मनात एकच होतं. त्यांना परत वर न्यायचं. माझ्यासमोरची ती जागा रिकामी बघवत नव्हती. प्रार्थना म्हणताना माझी नजर ज्या भिंतीवर पडायची, तिथे त्यांनी डोकं टेकून टेकून तेलाचा एक गोल डाग पडला होता. मी त्या डागाकडे बघत प्रार्थना म्हणायचे.

मोठे भाऊजी शेजारच्याच घरात राहतात. प्रार्थनाघराच्या ज्येष्ठ मंडळींत त्यांचा शब्द चालतो. आईवर त्यांचा जीव आहे, हे मी कधीच नाकारणार नाही. सासूबाई सज्ज्यात यायच्या थांबल्या तेव्हापासून ते रोज संध्याकाळी येतात, कोट खुंटीला अडकवतात आणि आईजवळ बसून मोठ्यानं प्रार्थना वाचतात. आवाज भारदस्त आहे, शब्द स्वच्छ. सासूबाई ऐकून घेतात, त्यांच्या डोक्यावरून हात फिरवतात. ते गेले की मला म्हणतात, "छान वाचतो. पण तो देवाशी बोलतो. माझ्याबरोबर नाही बोलत."

वाचनाच्या कामाला परवानगीही भाऊजींनीच दिली होती. "पुस्तक वाचणं म्हणजे प्रार्थना नव्हे," ते म्हणाले होते. "अंधांची सेवा आहे. खुशाल वाच."

रोज घरी आले की हात धुवायच्या आत सासूबाई विचारायच्या, "आज काय केलं त्या निळीवालीनं?"

मी भाजी निवडता निवडता सांगायचे. नवऱ्यानं तिची रंगाची मडकी फोडली. तिनं फुटक्या मडक्यात रोपं लावली. नवऱ्यानं कापडं वाळवायच्या दोऱ्या सोडून नेल्या. तिनं काटेरी कुंपणावर कापडं घातली आणि त्यांना भोकं पडली, तर गिऱ्हाइकांना वाटलं नवीन नक्षी आहे.

सासूबाई खळखळून हसल्या. "मला आवडली ही बया. आणि तो तिचा नवरा? तो तर मला आपल्याच घरातला वाटतोय."

"आई, हळू. भिंतीपलीकडे भाऊजी आहेत."

"असू दे. त्याला मीच जन्म दिलाय, मला काय धाक दाखवतेस?"

एक धास्ती मात्र होती मला. वाटायचं, पुढच्या पानावर निळीवाली देव सोडून देईल. मग मी ते कसं वाचणार? पण ती सोडत नव्हती. सगळ्यांनी तिच्या आणि देवाच्या मधे बाक टाकले, ती बाकांच्या फटीतून त्याच्याकडे बघत राहिली. तिला देवापासून सुटका नको होती. तिला त्याला हाक मारायची होती. हे मला फार जवळून कळत होतं.

मग तिची मुलगी बाळंतपणात गेली. नवरा म्हणाला, रडायचं नाही, आईचं रडणं म्हणजे देवावर अविश्वास. ती रडली नाही. पुढच्या प्रार्थनेला ती मागच्या बाकावरून उठली, निळे हात उघडे ठेवून सगळ्यांच्या मधून चालत पुढे गेली, आणि मोठ्यानं प्रार्थना म्हणाली. छोटीशीच प्रार्थना, पानाच्या मधोमध.

मी ते पान एका लयीत वाचून काढलं. माझ्या मते फार चांगलं वाचलं. पान उलटताना वर पाहिलं, तर कानसेन जागेवर नव्हते. ते खाली वाकून वायर हलवत होते. मग त्यांनी कानावरचं यंत्र काढून तळहातावर आपटलं, परत घातलं, आणि दार उघडून आत आले.

"माइक मेला वाटतं. मधेच गेला आणि मधेच परत आला."

त्यांनी माइकवर टिचकी मारली. माइक ठणठणीत होता.

"तुम्ही वाचलंत ना ते? ती पुढे जाऊन काहीतरी म्हणते ते?"

"वाचलं की. सगळं वाचलं."

"या, ऐका."

मी बाहेर येऊन त्यांचं यंत्र कानाला लावलं. माझा आवाज आला. *ती सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली.* मग काही नाही. नुसती खोलीची शांतता. आणि त्या शांततेत, नळ नीट बंद केला नाही की येतो तसा, बारीक टिप टिप आवाज. ओठ मिटल्याचा आणि सुटल्याचा. मग माझा आवाज परत आला, स्पष्ट. *देवळात कुणी हललं नाही.*

मी स्टुलावर बसले. मला खरंच वाटलं होतं की मी ते मोठ्यानं वाचलंय. कुठे थांबले, कुठे सुरू झाले, मला काही कळलं नव्हतं. प्रार्थना आली आणि आवाज आपला आपण बाजूला झाला, दारात चप्पल काढावी तसा.

"काय झालं ताई? घसा धरला का?"

मी त्यांना सांगितलं. आमच्याकडे बायकांची प्रार्थना कशी असते ते. कानसेन यंत्राची तार बोटाला गुंडाळत म्हणाले, "म्हणजे तुमच्या देवाला माझ्यापेक्षा तिखट कान हवेत."

मला हसावं की रडावं कळेना. "उद्या घेऊ का ते पान?" मी विचारलं.

"उद्या घेऊ. सावकाश."

संध्याकाळी भाऊजी आले. कोट अडकवला. त्यांनी प्रार्थनेचं पुस्तक उघडायच्या आत मी विचारून टाकलं. म्हटलं, भाऊजी, गोष्टीत एक बाई प्रार्थना म्हणते. ती मी वाचली तर ती गोष्ट, की प्रार्थना?

त्यांनी खरंच विचार केला. उडवून लावलं नाही. "प्रार्थना कुणाच्याही तोंडी असो, प्रार्थनाच," ते म्हणाले. "तू ती जागा सोडून दे. थोडं थांब आणि पुढे वाच. ऐकणाऱ्याला कळेल की इथे तिनं प्रार्थना केली."

"कुणाला कळेल?" खाटेवरून सासूबाई म्हणाल्या.

"ऐकणाऱ्यांना, आई."

"आंधळ्यांना." त्यांनी मान आवाजाच्या दिशेनं वळवली. "डोळे असतील त्याला ओठ हललेले दिसतात. आंधळ्याला काय दिसतं रे? त्याला वाटतं, बाई पुढे जाऊन नुसतीच उभी राहिली."

"आई, नियम मी नाही केलेला."

"मी कुठे म्हणते तू केलास म्हणून? वाच तू. वाच तुझं."

त्यांनी वाचलं. त्या दिवशी मला त्यांचा आवाज पहिल्यांदाच थोडा घाईचा वाटला.

सकाळी मी माझी ओठांची प्रार्थना केली, पाण्याचा तांब्या भरला आणि निघाले, तर सासूबाई दाराशी स्टुलावर बसलेल्या. केस विंचरलेले, बाहेरच्या चपला घातलेल्या, पण उलट्या पायांत.

"कुठे निघालात?"

"तुझ्या काचेच्या खोलीत. निळीवालीला मलाही भेटू दे."

मी खाली बसून चपला सुलट केल्या. वाटेत त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता. माझ्या डोक्यात एक वेडा प्रश्न घोळत होता. इतकी वर्षं मी देवाशी रोज बोलले, पण माझा आवाज त्यानं प्रार्थनेत कधी ऐकलेला नाही. ऐकला तर त्याला ओळखू येईल का, की ही तीच?

कानसेनांनी सासूबाईंसाठी आत दुसरी खुर्ची ठेवली. पायांखाली घडी केलेलं पोतं घातलं, खुर्ची करकरू नये म्हणून. "आजी, एक विनंती. आत शिंकायचं नाही, खोकायचं नाही, बांगड्या वाजवायच्या नाहीत."

"श्वास घेतला तर चालेल का?"

"तोंडानं नको. नाकानं घ्या."

"हा माणूस ज्येष्ठांत शोभेल," सासूबाई माझ्या बाजूला वळून म्हणाल्या.

लाल दिवा लागला. मी आधीचं वाक्य वाचलं. *ती सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली.* ओठ उघडले. आवाज आला नाही, नुसती ओठांची टिप टिप; सासूबाईंची मान माझ्याकडे कलली. काचेपलीकडे कानसेन थांबून होते, त्यांनी बोट वर केलं नाही. मी पुन्हा ते वाक्य घेतलं. पुन्हा तेच. घशात काही अडकलेलं नव्हतं. घसा जणू तिथे नव्हताच.

तेव्हा सासूबाईंचा हात चाचपडत आला. माझ्या खांद्यावर, मग गळ्यावर. ओठांवर नाही, गळ्यावर. त्यांनी तो तिथेच ठेवला. गिऱ्हाइकाचं माप घेताना ठेवत असतील तसा, हलका.

"देवा," मी म्हटलं.

आवाज फाटका आला. पण आला. त्यांच्या बोटांखाली काहीतरी थरथरलं आणि बोटं तिथेच घट्ट झाली.

"देवा, माझी मुलगी तुझ्याकडे आली आहे."

मी पुढची ओळ वाचणार, तेवढ्यात शेजारून अगदी जुना, गंजलेला आवाज आला.

"देवा, माझा मुलगा तुझ्याकडे आला आहे."

मी काचेकडे बघितलं नाही. लाल दिव्याकडेही बघितलं नाही. "तिला अंधारात झोपायची भीती वाटते."

"त्याला अंधारात झोपायची भीती वाटते." हे खरंच होतं. लग्नानंतरही माझे यजमान दिवा लावून झोपायचे. मला माहीत होतं आणि सासूबाईंना माहीत होतं, पण आम्ही एकमेकींना ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"तिच्या उशाशी बस."

"त्याच्या उशाशी बस."

"मी येईपर्यंत बस."

सासूबाईंनी ही शेवटची ओळ लगेच म्हटली नाही. त्यांचा हात माझ्या गळ्यावरून खाली सरकला, माझ्या हातावर आला. मग त्या म्हणाल्या, "आम्ही येईपर्यंत बस."

लाल दिवा कधी विझला मला कळलं नाही. कानसेन दारात उभे होते, यंत्र गळ्यात लोंबत होतं.

"पुन्हा घ्यावं लागेल," ते हळूच म्हणाले. "वाचनालयाला एकच आवाज लागतो. पण हे मी पुसणार नाही. हे तुमचं."

मी पुन्हा वाचलं, एकटीनं. आता आवाज आला, आणि सरळ आला. सासूबाई नाकानं श्वास घेत बसून राहिल्या. त्या दिवशी दुपारची प्रार्थना करायला मी जिन्यात गेले, पाण्याच्या टाकीमागे, रोजच्या जागेवर. ओठांनीच केली. नेम मोडल्यासारखं वाटलं नाही. उलट पहिल्यांदा असं वाटलं की मी गप्प आहे ती माझ्या मनानं.

संध्याकाळी भाऊजींनी विचारलं, "सोडलीस ना ती जागा?"

माझ्या आधी सासूबाई बोलल्या. "एक शब्द सोडला नाही तिनं. मी होते तिथे. मीही म्हटली."

भाऊजींचा हात पुस्तकाच्या कडेवर होता तो तसाच राहिला. त्यांना राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी विचारलं, "कुणासाठी म्हटलीस, आई?"

"तुझ्या भावासाठी."

ते उठले, कोट घातला, बटणं चुकीच्या काजांत गेली. त्या दिवशी त्यांनी प्रार्थना वाचली नाही. दुसऱ्या दिवशी आले, उशिरा, आणि आईजवळ नुसते बसून राहिले. त्यांनी ज्येष्ठांच्या कानावर हे घातलं की नाही, मला अजून माहीत नाही. सज्ज्यात आवाज नको, हा नियम तसाच आहे. तो बदलेल असं स्वप्नसुद्धा मी बघत नाही. नुसती वाट बघते, आणि वाट बघायची सवय मला आहे.

सज्ज्यातल्या प्रार्थनेच्या दिवशी मी तयारी केली, तर सासूबाई म्हणाल्या, "मी येते."

जिना त्यांना खरंच पाठ होता. वर गेल्यावर त्यांनी भिंत चाचपली, तो तेलाचा डाग त्यांच्या डोक्याला बरोबर सापडला, आणि त्या माझ्यासमोर बसल्या. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. खालून पुरुषांचा आवाज उठला. मी ओठ हलवायला लागले. समोर त्यांचे ओठ हलायला लागले, डोळे मिटलेले, मान जराशी कलती, ओठांची टिप टिप ऐकावी तशी.

इतक्या दिवसांनी समोर ते ओठ दिसले आणि मला भरून आलं. ओठ माझे, पण त्यांच्यावर ताबा राहिला नाही. मी ओळी गिळत भराभर पुढे गेले.

सासूबाई थांबल्या. पुढे वाकल्या, आणि साध्या कुजबुजीत, विहिणीबद्दल सांगावं तशा म्हणाल्या, "अगं, जरा सावकाश म्हण. मी मागे राहतेय."